तीन दिवसांचा जप

खोटं बोलायला मला माझ्या वडिलांनी सांगितलं. पप्पा आमच्या बुरहानपुरात, लालबागेतल्या शाळेत गणित शिकवायचे. पुस्तकाच्या मागचं उत्तर पाहून लिहिलं तरी ते पोराला वर्गाबाहेर उभं करायचे. त्याच माणसाने बुरहानपूर स्टेशनावर माझी बॅग उचलता उचलता म्हटलं, "कुणी विचारलं तर सांग, तिकडची थंडी सोसली नाही. तब्येत बिघडली म्हणून आली."

"माझी तब्येत ठणठणीत आहे, पप्पा."

"मला माहीत आहे. तरी तेच सांग."

प्रचारासाठी दोन वर्षं परदेशी गेलेली मी चौदाव्या महिन्यात परत आले होते. बी.एस्सी. झाल्या झाल्या आमच्या संप्रदायाच्या महाराजांनी मला निवडलं, तेव्हा आख्खी गल्ली पेढे खाऊन गेली होती. आईच्या माहेरून, डोईफोडियाहून, मामा केळीचे दोन घड घेऊन आला होता. मलाही अभिमान वाटला होता, तो मी नाकारत नाही. बळजबरी कुणी केली नव्हती.

इंग्लंडातल्या एका लहान गावात आमचं केंद्र होतं. एक जुनं दुमजली घर, त्यात आम्ही सहा मुली आणि केंद्र चालवणाऱ्या मोठ्या दीदी. पहाटे चारला उठायचं, गार पाण्याने आंघोळ, आरती, जप, मग दहा वाजता दोघी-दोघींनी निघायचं आणि लोकांची दारं वाजवायची. कायम जोडीने राहायचं, दुकानात दूध आणायलासुद्धा एकटीने जायचं नाही. मोबाइल पहिल्याच दिवशी दीदींच्या कपाटात गेले. घरी फोन रविवारी, वीस मिनिटं, स्पीकरवर, दीदी शेजारी बसलेल्या. "जेवण कसं आहे?" "छान." "थंडी?" "छान."

माझी जोडीदार अकोल्याकडची होती. वीस वर्षांची, हसरी, आवाज असा की तिने अभंग धरला की माझ्या अंगावर काटा यायचा. मला ती ताई म्हणायची.

दारं वाजवायला मला आवडायचं, हे आधीच सांगते, नाहीतर लोकांना वाटतं मी पहिल्यापासून नाराजच होते. दहातली नऊ दारं तोंडावर बंद व्हायची. तरी चालताना वाटायचं, आपण कशासाठी तरी चाललोय. एकदा एका म्हाताऱ्याने आम्हाला आत बसवलं, चहा दिला. त्याची बायको नुकतीच गेली होती. त्याने विचारलं, "ती आता कुठे असेल?" मी पाठ केलेला कागद घडाघडा म्हटला. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "पोरी, हे तू पाठ केलंयस. तुला काय वाटतं?" मी कप खाली ठेवून उठले. बाहेर पडल्यावर मी जोडीदाराला म्हटलं, त्याची अजून तयारी झालेली नाही. म्हातारा तयार नव्हता म्हणे!

त्या हिवाळ्यात एका गुरुवारी संध्याकाळी जोडीदाराच्या पोटात दुखायला लागलं. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली. ओवा झाला, हिंग झाला, गरम पाण्याची पिशवी झाली. शुक्रवारी तिला सरळ उभं राहता येईना. मी दीदींकडे गेले.

"डॉक्टरला दाखवायला पाहिजे."

दीदींनी माळ थांबवली नाही. मणी ओढता ओढताच म्हणाल्या, "इथे सगळ्यांनाच पहिल्या वर्षी होतं. शरीर परीक्षा घेतं. तू तिची जोडीदार आहेस ना? मग तिच्यासाठी जप वाढव."

आणि मी वाढवला. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या मला अपेंडिक्स कुठे असतं हे माहीत होतं, परीक्षेत आकृती काढून नावं दिली होती. तरी मी तिच्या उशाशी बसून माळ ओढत राहिले. मधूनमधून चमच्याने तीर्थ पाजलं. आज हे लिहिताना राग येतो, आणि तो दीदींवरचा नाही. त्या तर तशाच होत्या. मला काय झालं होतं?

शनिवारी सकाळी तिचं कण्हणं थांबलं. दीदी म्हणाल्या, "बघ, उतार पडला." मी तिच्या पोटाला हात लावला. पाट असावा तसं पोट कडक, अंग भट्टीसारखं तापलेलं. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "ताई, आईला सांगू नका."

मी पायात चपलासुद्धा न घालता बाहेर पडले. एकटी. समोरच्या घरी एक दांडगा, मानेपर्यंत गोंदवलेला माणूस राहायचा. त्याच्या दाराशी जायची आमची कधी हिंमत झाली नव्हती. त्याने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, आणि मी काय बोलते ते पुरतं ऐकायच्या आत फोन काढला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तो आमच्या दारात उभा होता. दीदी त्याला सांगत होत्या, हा आमचा अंतर्गत मामला आहे. त्याने जे उत्तर दिलं ते मी इथे लिहीत नाही, पण ते मला आजही फार आवडतं.

अपेंडिक्स फुटलं होतं. अजून काही तास गेले असते तर पोरगी हाती लागली नसती, असं डॉक्टरांनी मला सांगितलं. ती वाचली. दहाव्या दिवशी माझ्या हातात परतीचं तिकीट होतं आणि पप्पांना पत्र गेलं होतं: आपली मुलगी शिस्तीत बसत नाही, परवानगीशिवाय परक्या पुरुषाच्या घरी गेली.

परक्या पुरुषाच्या घरी. बाकी काहीच लिहिलं नव्हतं त्यात.

पप्पांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एकदाही अडवलं नाही, आणि शेवटी म्हणाले, "सगळं खरं असेल, पण तुझं लग्न व्हायचंय." आई म्हणाली, "लोकं काय म्हणतीन, बाई? गप राह्य."

त्यात आमच्या सत्संग भवनाच्या प्रमुखांनी माझा सत्कार ठेवला. त्यांचे पावरलूम आहेत, गावात वजन आहे. परत आलेल्या प्रत्येकाचा सत्कार होतोच, माझा केला नसता तर लोकांनी कारण विचारलं असतं. शाल घातली, नारळ दिला, माझ्या हातात माईक देऊन कानाशी म्हणाले, "बेटा, दो शब्द बोल दो, बस."

मी म्हटलं, "मी आजारी नव्हते. माझी जोडीदार आजारी होती. तीन दिवस आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं नाही, आणि त्यात मीही होते."

एवढंच झालं. प्रमुखांनी ढोलकवाल्याकडे पाहिलं. भजन सुरू झालं. मी माईकवर बोलतच होते, पण दीडशे लोक गायला लागल्यावर कुणाला काय ऐकू येणार? मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. माझी आई डोळे मिटून टाळ्या वाजवत होती. सवयीने. तिला कळलंसुद्धा नसेल की आपण काय करतोय. मी शाल खुर्चीवर टाकली आणि उन्हात चालत घरी आले.

त्यानंतर आठ महिन्यांनी जोडीदाराचा फोन आला. मला इतका आनंद झाला की मी आधी तिचं पोट कसं आहे तेच विचारलं.

"एकदम छान, ताई. महाराजांची कृपा."

"कृपा?"

"मग काय! तुम्हाला त्या दिवशी दार उघडून बाहेर पडायची बुद्धी कुणी दिली? त्यांनीच ना? ताई, तुम्ही एक माफीपत्र लिहा. दीदी मोठ्या मनाच्या आहेत, परत घेतील."

"तू मरत होतीस," मी ओरडले. "माझ्यासमोर मरत होतीस, आणि मी तुला तीर्थ पाजत होते. माफी मागायचीच तर मी तुझी मागेन."

ती जराही चिडली नाही. "ताई, तुमच्या मनात फार राग आहे," ती म्हणाली. तोच शांत सूर, दीदींचा. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागले, इतक्या जोरात की पप्पा बघायला आले. दारात उभे राहिले. मग परत गेले. ते अजून दर गुरुवारी भवनात जातात. आम्ही शेजारी शेजारी ताट मांडून जेवतो आणि त्या विषयावर बोलत नाही.

मी आता खकनारला शाळेत विज्ञान शिकवते. आई विचारते, देवाला हात तरी जोडते का? जोडते कधीकधी. देवावर माझा राग आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माणसांवर आहे, आणि तो कमी व्हावा असंही मला वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात कळलं की जोडीदार आता स्वतः एका केंद्राची मोठी दीदी झालीय. हाताखाली आठ मुली. मी तिला पत्र लिहिलं, फक्त दोन ओळी: एखाद्या पोरीच्या पोटात दुखलं तर आधी डॉक्टरला बोलाव. जप नंतरही करता येतो.

तिचं उत्तर आलेलं नाही.