वर्गसमीकरणापर्यंत

मार्चमध्ये ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बारामतीच्या दवाखान्यात जीव वाचला, पण उजवा हात गेला. वालचंदनगरला यंत्रांची ड्रॉइंग्ज काढण्यात ज्यांची नोकरी सरली, त्यांना पेन्सिल धरता येईना. घरी सोडताना डॉक्टर म्हणाल्या, "डोक्याला काम देत राहा. आवडीचं काहीतरी."

मी शेळगावच्या शाळेत दहावीला बीजगणित शिकवते. आम्हा दोघांची आवड तीच.

पाटीवर x + 5 = 12 लिहिलं. डाव्या हातानं त्यांनी वेडावाकडा सात काढला. "लई सोपं हाय," म्हणाले. कारखान्याच्या कॉलनीत इतकी वर्षं पुस्तकी बोललेल्या माणसाच्या तोंडी झटक्यानंतर लहानपणची बोली आली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

पावसाळ्यात एकसामयिक समीकरणं घेतली. x + y = 10 आणि x − y = 4. पहिल्याला त्यांनी आठ आणि दोन सांगितलं. दुसऱ्याला नऊ आणि पाच.

"अहो, दोन्हींत तेच आकडे बसायला हवेत."

ते पुन्हा बघत. खालची ओळ वाचायला गेले की वरची निसटायची. ही समीकरणं मी वर्षानुवर्षं शिकवली. पण एक अट मनात धरून दुसरीकडे बघणं माणसाला किती जड जाऊ शकतं, ते तेव्हा कळलं.

मग मी घाई केली. वर्गसमीकरण दिलं, x² = 49.

"सात."

"आणि उणे सात."

"एकाला दोन उत्तरं? मग खरं कंचं?"

"दोन्ही खरी."

"मला येडा समजतीस व्हय गं?" त्यांनी पाटी भिंतीवर फेकली. वक्र आडव्या अक्षाला दोनदा कसा छेदतो, हे एके काळी ह्यांनीच आमच्या मुलीला सुंदर काढून दाखवलं होतं. तुकडे गोळा करताना मागं बघितलं, तर ते हुंदके देत होते.

दिवाळीनंतर दुसरा झटका आला. त्यात बोलणंही गेलं. मी नवी पाटी आणून x + 1 = 3 लिहिलं. त्यांनी तळहातानं ते पुसलं आणि कोरी पाटी कितीतरी वेळ पुसतच राहिले. शेवटी मी ती काढून घेतली.

आता सकाळी त्यांना भरवते, कूस बदलते, शेजारच्या काकूंना बसवते आणि शाळेची एसटी धरते. काल डॉक्टर म्हणाल्या, "बाई, आता सुधारणेची आशा धरू नका."

मी मान हलवली आणि पडून पडून पाठीला झालेल्या जखमेला कोणतं मलम लावायचं ते विचारलं.