फुटकी कवडी आणि वैशाखऱ्याची हळद

मुरबाडला मास्तर असलेल्या मित्राची चिठ्ठी आली आणि मी रजा टाकली. वैशाखऱ्याजवळच्या ठाकरवाडीत सोमी नावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तिच्या घरातली कवड्यांची माळ धुताना तुटली आणि निम्म्या कवड्या नदीच्या डोहात गेल्या. त्या माळेशिवाय वाडीत नवरीला हळद लागत नाही. ‘कल्याणहून ओंजळभर कवड्या घेऊन ये,’ एवढंच त्यानं मागितलं होतं.

पूजेच्या सामानाच्या दुकानदारानं पाठीला भोक पाडलेल्या कवड्या पुढे केल्या. “लग्नाला फुटक्या कसल्या देता?” म्हणून मी त्याला झापलं आणि एकेक अखंड, चकचकीत कवडी निवडून घेतली. स्वतःवर भलताच खूश होतो.

तिकडे जाणार असाल तर मुरबाडची सकाळची मोटार धरा. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, म्हणून ती सध्या कोळशावर चालते. चढ आला की भाडं भरलेल्यांनीच उतरून ढकलायची. मुरबाडला मास्तर बैलगाडी घेऊन उभा होता. वाटेत रात्रीचा मुक्काम करत वैशाखऱ्यापर्यंत पोटभर धूळ खाल्ली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत पोचताच नाचणीची भाकरी आणि वालाचं कालवण मिळालं. इतकं चवीनं मी कित्येक दिवसांत जेवलो नव्हतो.

हात धुऊन मी सोमीच्या आत्यापुढे, भागीबायपुढे, ऐटीत पुरचुंडी सोडली. तिनं एक कवडी उलटसुलट करून पाहिली.

“दादा, या तं आख्ख्या हायेत!”

“मुद्दाम निवडून आणल्यात.”

“मंग दोरा कुठून घालू? फुटल्याबिगर कवडी माळंत येत नाय.”

सोमी रडवेली झाली. हळद संध्याकाळची होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तर तर माझ्याकडे बघेचना.

तेवढ्यात भागीबाय हसली. “रडतं कशाला गो? दगड हायेत ना!”

बायका नदीकाठच्या कातळावर बसून कवड्यांच्या पाठी भोक पडेपर्यंत घासू लागल्या. मीही बसलो, मास्तरलाही बसवलं. दुपारभर घासणं, गाणी आणि माझ्या सोललेल्या बोटांची थट्टा चालली. ऊन उतरता उतरता माळ पुरी झाली. भागीबायनं ती सोमीच्या गळ्यात घातली, मगच हळदीच्या वाटीत पहिला हात गेला. सोमी हसली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

निघताना भागीबायनं माझ्या हातून वाकडी घासली गेलेली कवडी मलाच दिली. “ही तुमची. तुमी फोडली.”

घरी बायकोनं विचारलं, “एवढी रजा घालवून आणलंत काय?”

“फुटकी कवडी,” म्हणत मी ती तिच्या तळहातावर ठेवली.

तिनं हसून शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. भोक वाकडं होतं, पण दोरा आरपार गेला.