बियांतून आलेला डेलिया

कुजकी रताळी समजून मी कचऱ्याच्या गाडीत टाकली, ते सासऱ्यांच्या जांभळ्या डेलियाचे कंद होते. सासरे गेल्यावर बायकोने माहेरून तेवढंच आणलं होतं. मग मी तिने जपलेल्या त्याच डेलियाच्या सुक्या फुलातलं बी पेरलं आणि घरात मोठ्या बागायतदाराच्या रुबाबात वावरू लागलो. काल पहिलं फूल उमललं. पिवळं, एकेरी पाकळ्यांचं. कंदातून तेच फूल परत येतं. बियांतून मात्र कुणीतरी नवीनच येतं, हे माझ्यासारख्याला फूल बघूनच कळायचं. गेलेलं माणूस असंच आपण कुणाकुणात शोधत राहतो.

"तुझे बाबा नाही आले गं," मी पुटपुटलो.

तिने झारी माझ्या हातात दिली.

"मी तरी कुठे बाबांसारखी झाले? घाला पाणी त्याला."