रुमालाखालची दोन बोटं

फुटसल म्हणजे काय, हे सांगलीत मला अजूनही समजावून सांगावं लागतं. लहान मैदान, पाच-पाच जणी, फारसा न उसळणारा चेंडू. "म्हंजे छोटा फुटबॉल," म्हणून माणसं मोकळी होतात. मी वाद घालायचं सोडून दिलंय.

मी मार्केट यार्डाजवळची, माझी मैत्रीण मिरजेची. शाळेपासून आम्ही एकाच संघात. माझे आप्पा हळदीच्या अडत दुकानात कामाला. पूर्वी हळदीचा सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघांनी हात रुमालाखाली घालायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचा, तोंडातून चकार शब्द नाही. आप्पांनी ते मला गंमत म्हणून शिकवलं, मी ते मैदानावर नेलं. कॉर्नर घ्यायच्या आधी मी जर्सीच्या टोकानं चेंडू पुसायची आणि टोकाखालून तिला बोटं दाखवायची. एक बोट म्हणजे चेंडू जवळ येणार, दोन म्हणजे गोलच्या पलीकडच्या खांबाशी. ती बरोबर तिथं पोचायची. ही खूण फक्त आम्हा दोघींची होती.

पुढं पुण्याच्या एका क्लबनं तिला बोलावलं. स्टँडवर तिला सोडायला मी भडंगाची पिशवी घेऊन गेले होते. रडलेही, वेड्यासारखी. तिच्या जागी आलेल्या मुलीला मी तीच खूण शिकवली. बदलावी असं मनातही आलं नाही.

वर्षभरानं तोच क्लब तिला घेऊन सांगलीत खेळायला आला. राज्याचा संघ निवडणारे समोर बसले होते. मला त्या संघात जायचं होतं, बाकी काही नको होतं. पहिल्या कॉर्नरला मी एक बोट दाखवलं, तर त्यांच्या दोघी आधीच जवळ येऊन उभ्या. म्हटलं, योगायोग. दुसऱ्या वेळी दोन बोटं, तर त्या पलीकडच्या खांबाशी. तरी तिसऱ्यांदा मुद्दाम दोनच बोटं दाखवली, तिच्याकडं बघत. तिनं नजर खाली घातली आणि स्वतःच खांबाकडं पळाली.

आम्ही हरलो. निवडणाऱ्यांनी तिला घेतलं, मला नाही.

नळापाशी ती भेटली. म्हणाली, "आगं, क्लबच्या सरांनी विचारलं, मग सांगावं लागलं. खेळच हाय न्हवं."

"व्हय," मी म्हणाले. राग नंतर आला, घरी जेवताना, आणि तो अजून गेलेला नाही.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "रुमालाखालचा भाव फोडणाऱ्याला यार्डात परत कुणी हात देत न्हाई," एवढंच म्हणाले.

यार्डात नसेल देत. गावानं चौकात तिचा फ्लेक्स लावला. 'सांगलीची वाघीण'. आता मिरजेची पोरगी सांगलीची झाली. फोटो ओळखीचा होता, आम्ही दोघींनी करंडक जिंकला तेव्हाचा. मला कापून काढलं होतं, पण तिच्या खांद्यावरचा माझा हात नीट कापता आला नव्हता.

सरावाला जाताना मी रोज त्या चौकातून जायची. तिच्या खांद्यावर माझी दोन बोटं तशीच होती.