आवाज कानाला की पायाला

रत्नागिरीहून लातूर गाठायला मला तीन एसट्या बदलाव्या लागल्या, आणि तिन्ही कंडक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "क्लासला कोण आहे? मुलगा की मुलगी?" भूकंपाला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. सुरुवातीला परगावची माणसं लातूरला मदत घेऊन जात, आता मुलं घेऊन जात. मला मूल नव्हतं. "मैत्रीण आहे," असं सांगितलं की कंडक्टरांचा माझ्यातला रस संपत असे.

मैत्रीण म्हणजे सुनंदा. औरंगाबादला एम.एस्सी. करताना आम्ही होस्टेलच्या एका खोलीत राहिलो. भूकंप झाला त्या पहाटे ती माझ्या शेजारच्या कॉटवर झोपली होती. सकाळी रेडिओवर बातमी लागली, तिनं पायात चपला घातल्या आणि ती थेट स्टँडवर गेली. तिचे वडील आणि धाकटा भाऊ गेले, आई वाचली. दीड महिन्यानं परत आल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला तो, किती प्रॅक्टिकल्स बुडाली, हा. पुढे त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. आता ती लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवत होती आणि मी रत्नागिरीच्या कॉलेजात. तिचं पत्र आलं होतं : "सुट्टीत ये. लातूरला चार दिवस राहा, मग आपल्या नांदेडच्या शाखेत ध्वनीचं प्रकरण तू शिकव. पोरं माझा आवाज ऐकून कंटाळलीत."

लातूरचं पहिलं दर्शन पाट्यांचं झालं. दुकान कसलं आहे ते कळायच्या आत त्याच्या वरच्या मजल्यावर कोणता विषय शिकवतात ते कळत होतं. रसायनशास्त्राखाली सायकलचं दुकान, गणिताखाली खाणावळ, जीवशास्त्राखाली दातांचा दवाखाना. रस्त्यानं मुलं एका हातात वही आणि दुसऱ्या हातात पाण्याची बादली घेऊन चालली होती. सुनंदानं न्याहारीला सुशीला दिली (ही चुरमुरे भिजवून पोह्यांसारखी फोडणीला टाकतात, नावाचं कारण कुणालाच सांगता आलं नाही). मी तीन वेळा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा तास पाहायला मी क्लासमध्ये गेले. तिसरा मजला, एक लांब हॉल, दीड-दोनशे मुलंमुली, एक दार आणि त्यापुढे एकच अरुंद जिना. मी शेवटच्या बाकावर बसले. सुनंदा भिंग शिकवत होती आणि चांगलंच शिकवत होती. तिच्या वर्गात पेन खाली पडलं तर मुलं तास संपेपर्यंत ते उचलत नाहीत, असं माझ्या शेजारच्या मुलीनं मला चिठ्ठीवर लिहून कळवलं.

साडेदहाच्या सुमारास आवाज झाला. धाड-धाड, लागोपाठ दोन. खिडक्यांच्या काचा झणझणल्या, शेजारच्या गच्चीवरचा पत्रा वाजला. मी फळ्याकडे पाहिलं. भिंगाची आकृती अर्धी होती आणि समोर सुनंदा नव्हती.

ती दारातून सगळ्यांच्या आधी बाहेर पडली होती. तिच्यामागे औसा, निलंगा, उमरगा या भूकंपाच्या भागातली मुलं, आणि ही का पळतायत ते न कळलेली नांदेडकडची मुलं त्यांच्यामागे. मी बसून राहिले. यात शौर्य नव्हतं. कोकणात काळ्या दगडाच्या खाणी आहेत, तिथं सुरुंग उडतात. मला वाटलं, तसलंच काही असेल. जिन्यावरून किंकाळ्या आल्या तेव्हा मी उठले.

जिन्याच्या वळणावर एक मुलगी मनगट धरून बसली होती. तिच्यावरून पाच-सहा जण गेले होते. नायगावची, नाव अर्चना. दोन मुलींनी आणि मी तिला धरून खाली आणलं. खाली सगळी गल्ली रस्त्यावर होती. दातांच्या दवाखान्यातला एक पेशंट तोंडात कापूस घेऊन उभा होता. निम्मी माणसं आभाळाकडे बघत होती, निम्मी जमिनीकडे. चहावाला म्हणाला, "वर पांढरी रेघ गेलीय, बघा." खरंच होती, उंच, बारीक, विरत चाललेली. त्या रेघेनं माझ्या डोक्यात उजेड पडला. लागोपाठ दोन धमाके, काचा हलतात पण बाक हलत नाही. आवाजापेक्षा वेगानं विमान गेलं होतं.

मी सुनंदाला शोधलं. ती समोरच्या मोकळ्या प्लॉटच्या मधोमध उभी होती. हातात खडू होता.

"विमान होतं," मी म्हणाले.

"कळलं मला," ती म्हणाली. "खाली आल्यावर कळलं."

एसटीडी बूथवर आईवडिलांना फोन करायला रांग लागली. क्लासचे मालक आले. त्यांना सगळे 'सर' म्हणत. ते कोणता विषय शिकवतात ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. त्यांनी तास रद्द केले, अर्चनाला दवाखान्यात पाठवलं आणि सुनंदाला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, पोरं पळाली ते समजू शकतो. पण तुम्ही पहिल्या?" तिनं खडू दुसऱ्या हातात घेतला. "नांदेडला तुमच्या या मैत्रीण आहेतच, त्याच शिकवतील. तुम्ही थोडी विश्रांती घ्या." विश्रांती हा शब्द त्यांनी फार हळू उच्चारला.

दुसऱ्या दिवशी पेपरात 'गूढ आवाजाने लातूर हादरले' असं आलं. जमिनीत हालचाल झाल्याची नोंद नाही, एवढंच अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं. विमानाबद्दल कुणी हो म्हणत नव्हतं, नाहीही म्हणत नव्हतं. सुनंदानं पेपराची घडी घातली आणि म्हणाली, "मायकडं जाऊन येऊ."

तिचं गाव औशाच्या पुढे. जुन्या गावाच्या जागी दगडांचे ढीग आहेत आणि त्यांत बाभळी उगवल्यात. तिथली घरं माळवदाची होती (वर मातीचं जाड छत, खाली हात-हातभर रुंदीच्या दगडी भिंती), उन्हाळ्यात गार राहायची. नवं गाव दोन मैलांवर, सरळ रेषेत आखलेलं. सगळी घरं एकसारखी, म्हणून लोकांनी ओळखू यावीत यासाठी दारांना वेगवेगळे रंग दिलेत. सुनंदाच्या आईच्या घराचं दार निळं होतं आणि त्याला कुलूप होतं. आत धान्याची पोती राहत होती. आई बाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये.

माय सुपात शेंगा घेऊन फोडत बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी सूप सरकवून जागा केली. "बसा, बाई. लई लांबून आलाव म्हनं."

"माय, काल आवाज आला का इकडं?" सुनंदानं विचारलं.

"आला की. दोन बार."

"मग काय केलंस?"

"काय करायचं? शेंगा फोडत व्हते. फोडल्या."

"भ्यालीस न्हाईस?"

"भुईचा आवाज आदी पायाला येतोय. मग कानाला. ह्यो नुसता कानाला आला. वरचा व्हता." त्यांनी एक शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले. "शेजारची समदी पळाली अन् मला म्हनत्यात, आज्जी, भाईर या. म्या म्हनलं, मी भाईरच हाय की."

मला हसू आलं. सुनंदाला आलं नाही. ती खाली बघत म्हणाली, "मी पळाले, माय. वर्ग सोडून. एका पोरीचा हात मोडला." मग म्हणाली, "मी तर त्या दिशी इथं नव्हतेसुद्धा."

सात-आठ वर्षांत ते वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. ते विचारायचं मलाही कधी सुचलं नव्हतं.

"नव्हतीस म्हनूनच पळालीस," माय म्हणाल्या. "मी व्हते. मला ठावं हाय ते केवढं आस्तंय. तुला ठावं न्हाई, म्हनून तुझ्या मनात ते वाढतच चाललंय." मग त्यांनी विचारलं, "त्या पोरीला बघाया गेलतीस का?"

"न्हाई अजून."

"मग हितं काय करून राहिलीस?"

तरी जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. ज्वारीची भाकरी, येसर आमटी (भाजलेल्या धान्या-मसाल्यांच्या पिठाची, हिच्यामुळे माझ्या कोकणी डोळ्यांना धार लागली) आणि त्याच शेंगांची चटणी. माय मला सारख्या विचारत होत्या, "तिखट न्हाई ना?" आणि मी पाणी पीत 'नाही' म्हणत होते.

संध्याकाळी आम्ही अर्चनाच्या होस्टेलवर गेलो. तिच्या डाव्या मनगटाला प्लॅस्टर होतं आणि नायगावहून आलेले वडील तिची ट्रंक भरत होते. सुनंदा दारातच उभी राहिली. "मी पहिली पळाले. माझ्यामुळं पोरं मागं धावली. चूक माझी आहे."

वडिलांनी ट्रंकेचं झाकण लावलं. "तुमी बी मानूसच हाव, मॅडम. पर तुमी फुडं व्हता."

"हो."

"दादा," अर्चना वडिलांना म्हणाली, "डावा हात हाय. लिहायला उजवा लागतोय. मला न्हाई यायचं घरी."

वडिलांनी तिच्या प्लॅस्टरकडे पाहिलं. मग त्यांनी सुनंदाला विचारलं, "उद्या पुन्हा आवाज आला, तर काय करणार तुमी?"

"दोन दिवसांत सांगते," ती म्हणाली. विद्यार्थ्यांकडून तिनं असलं उत्तर कधीच घेतलं नसतं. वडिलांनी ते घेतलं. "मी परवापातूर हाय हितं," ते म्हणाले, आणि ट्रंक पुन्हा कॉटखाली गेली.

नांदेडची गाडी सकाळची होती. बोलावणं फक्त मला होतं, पण सुनंदा न विचारता शेजारी येऊन बसली. चाकूर, अहमदपूर मागे पडलं. लोह्याला गाडी चहाला थांबली तेव्हा म्हणाली, "एक सांग. विमान आवाजाचा वेग ओलांडतं तेव्हा एकदाच धमाका होतो ना? मग लातूरलाही आला आणि मायलाही, हे कसं?"

सुनंदानं मला भौतिकशास्त्रातली शंका विचारावी, हा माझ्यासाठी ऐतिहासिक क्षण होता. मी तिला आमच्या खाडीतली होडी सांगितली. होडी वेगानं गेली की तिच्या टोकापासून दोन्ही बाजूंना लाट फुटते. होडी पुढे निघून जाते, लाट मागाहून काठाला लागते. आधी या घाटाला, मग पुढच्या. विमान आवाजापेक्षा वेगात असेपर्यंत तसाच धमाका जमिनीवरून ओढत नेतं. ज्याच्यावरून ती लाट जाते त्याला वाटतं, आपल्याच गावावर फुटलं. "नाकाचा एक, शेपटाचा एक, म्हणून दोन."

"आणि चालवणाऱ्याला?"

"त्याला ऐकूच येत नाही. तो पुढे असतो."

तिनं चहा संपवला. "म्हणजे त्याला माहीतही नसणार," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

नांदेडचा हॉल दुसऱ्या मजल्यावर होता. मी फळ्यापाशी जाण्याआधी सुनंदा म्हणाली, "पाच मिनिटं मला दे." ती उभी राहताच मागून एका मुलानं विचारलं, "मॅडम, लातूरच्या बॅचला तुमी पळालाव म्हनं?"

सुनंदानं खडू खाली ठेवला.

"हो," ती म्हणाली. "सगळ्यात आधी. एका मुलीचा हात मोडला. आता वह्या बंद करा आणि उभे राहा."

मग तिनं दाराजवळच्या बाकापासून एकेक ओळ बाहेर काढली. धावायचं नाही, भिंतीवरचा हात काढायचा नाही, मुलांनी मुलींच्या आधी घुसायचं नाही, शिकवणारा सगळ्यांच्या शेवटी. सगळी खाली गेली आणि शेवटी ती गेली. पहिल्या खेपेला चप्पल शोधणाऱ्यांनी जिना अडवला, म्हणून तिनं सगळ्यांना वर बोलावून पुन्हा काढलं. तिसऱ्या खेपेला खालच्या पानवाल्यानं विचारलं, "काय झालंय काय?" एक मुलगा म्हणाला, "कुठं काय. फिजिक्स." माझ्या ध्वनीच्या प्रकरणाला वीस मिनिटं उरली. ती मी होडीवर काढली.

लातूरला परतल्यावर ती थेट अर्चनाच्या वडिलांकडे गेली आणि दोन दिवसांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर देऊन आली. सरांनी नांदेडची हकिगत ऐकली, रागावले, आणि पुढच्या महिन्याच्या जाहिरातीत 'आपत्कालीन सराव' ही क्लासची खास सोय म्हणून छापली. दिवाळीत सुनंदाचं पत्र आलं. इमारतीच्या मागे लोखंडी जिना बसला होता आणि अर्चना चाचणीत पहिल्या दहांत होती.

मी घरी परतले ती तिखट चटणीची पुडी आणि पाठीला एसटीची कळ घेऊन. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. ध्वनीचं प्रकरण आलं तेव्हा मी नेहमीची आकृती काढली : विमान, त्याच्या मागे पसरत गेलेल्या दोन रेघा, आणि खाली जमीन म्हणून एक आडवी रेघ. इतकी वर्षं ती रेघ मी एका झटक्यात ओढत आले होते. या वेळी तिच्यावर एक शेड काढलं आणि शेडमध्ये शेंगा फोडणारी एक बाई काढली. माझी चित्रकला वाईट आहे, त्यामुळे ती पोत्यासारखी दिसली.

"मॅडम," पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "याला मार्क आहेत का?"

"नाहीत," मी म्हणाले. "पण काढा."