रुवाळांची रीत

घोड्याला इतका घाबरणारा आणि तरीही चोवीस तास घोडेस्वारांत वावरणारा माणूस आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांखेरीज सबंध बोळिंजमध्ये सापडायचा नाही. निवृत्त झाल्यावर लोक योगासनं करतात. यांनी मनातून एक अख्खी जमात जन्माला घातली. तिचं नाव रुवाळ. भटके, लढवय्ये, घोड्यावर जगणारे आणि घोड्यावरच मरणारे. त्यांच्या चालीरीतींनी सात जाड वह्या भरल्या. रुवाळांना देऊळ नाही, कारण त्यांचा देव एका जागी बसत नाही. पूजा करायची ती चालता चालता. हे लिहिल्यापासून गृहस्थ स्वतःही पेटती उदबत्ती घेऊन सोसायटीला फेऱ्या घालू लागले आणि वॉचमनने सेक्रेटरीकडे तक्रार केली. वहिनी एवढंच म्हणत, "घरात धूर होत नाही, हेही नसे थोडके."

मग डॉक्टरांनी बायपास सांगितली. ते वह्या लिहीत राहिले, झोप उडाली ती माझी. जिन्यात त्यांच्या चपला दिसल्या नाहीत की मी काहीतरी निमित्त काढून त्यांची बेल दाबायचो. रोज सकाळी मला चहाला हाक मारणारं दुसरं कोणी नाही, हे तेव्हा फार जाणवलं. हॉस्पिटलात भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी ते म्हणाले, अर्नाळ्याला जाऊ. रुवाळांची रीत अशी, की लढाईआधी स्वार आपली भीती घोड्याच्या कानात सांगतो. घोडा ती वाहतो आणि स्वार हलका होतो.

किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारा एक दमलेला घोडा उभा होता. हे दहा पावलांवरच थबकले.

"या काका, गरीब हाय तो. कोनाला चावत नाय," घोडेवाला म्हणाला.

पाच वेळा पुढे झाले, पाच वेळा मागे आले. शेवटी माझं मनगट घट्ट धरून त्यांनी घोड्याच्या कानाशी तोंड नेलं आणि बराच वेळ पुटपुटत राहिले. घोड्याने एकदा शेपूट हलवली, बाकी तक्रार केली नाही. मला वाटलं, सुटलो. पण त्यांनी मनगट न सोडता मलाच पुढे ओढलं.

"आता तुम्ही सांगा."

मला कसली भीती, असं मी म्हणून पाहिलं.

"आठवडाभर तुमचा चहा कपातच गार होतोय. मी बघतोय."

मग खोटं बोलवलं नाही. मी वाकलो. अशा वेळी रुवाळ नेमकं काय बोलतात, ते विचारायचं राहिलंच होतं. मी घोड्याच्या कानात फक्त माझ्या शेजाऱ्यांचं नाव सांगितलं.