शाळेला सावली, चुलतीला ऊन

आणे गावात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. आमच्या पठारावरचं ऊन असं, की कोंबडीनं अंडं घालावं ते उकडूनच. शाळेच्या पश्चिमेकडच्या वर्गांत तर दुपारी फळ्यावरची बेरीज घामानं पुसली जायची. तुम्हाला खोटं वाटेल, मी पाहिलंय. म्हणून पुण्याच्या आर्किटेक्टबाईंनी खिडक्यांबाहेर स्टीलच्या तिरप्या पट्ट्या सुचवल्या. ऊन बाहेर अडणार, वारा आत येणार. काम माझ्याकडं आलं. कागदावर स्वच्छ लिहिलेलं, पट्ट्यांना चमक नको.

पण आमच्याकडं स्टील म्हणजे रुखवतातलं ताट! तोंड दिसलं नाही तर ते स्टील कसलं? शाळा समितीचे अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, ह्ये तर पत्रा वाटतंय. गावाची इज्जत हाय, राव!" खरं सांगतो, मलाही तेच हवं होतं. दोन दिवस पॉलिश मारलं. विमानातली माणसं ओझरच्या गणपतीचा कळस समजून हात जोडू लागली.

वर्ग खरोखर गार झाले. पण चार वाजले की पट्ट्यांवरून उडालेलं ऊन थेट रस्त्यापलीकडं, माझ्या चुलतीच्या ओट्यावर. ती दोन वर्षं खाटेवर पडून. ओट्यावर दुपारनंतर सावली असायची, समोर रस्ता. येणारी-जाणारी माणसं बघणं, एवढंच तिच्या हाती उरलेलं. आता ती डोळे गच्च मिटून पडायची.

पडदा बांधायला गेलो तर म्हणाली, "तोंडावर फडकं टाकाया मी मेले काय रं?"

चमक घालवायला घासायचं मशीन घेऊन शाळेत गेलो. अध्यक्ष आडवे आले. "नवं काम खरवडतो व्हय? उद्घाटनाचं पावणं फोटो काढून गेलेत. हात लावायचा न्हाई!"

"आवो, म्हातारीच्या डोळ्यात जातंय."

"मंग खाट घरात घ्या की."

घरात बघायला नुसती भिंत. ओट्यापुढं कडुनिंब लावलाय, तो अजून गुडघ्याएवढा.

मग रोज चारला दुकान सोडून मी खाटेच्या कडेला, शाळेकडं पाठ करून बसतो. पाठ भाजून निघते.

"जरा डावीकडं सर," चुलती म्हणते, "रस्ता दिसंना."

मी सरकतो. ऊन तिच्या डोळ्यांवर येतं, ती तोंड फिरवते. मी पुन्हा उजवीकडं सरकतो.